तिसरा पुकारा

जिंतूरच्या कॉलेजात मी नोकरीला रुजू झाले, त्याच संध्याकाळी आमच्या घरमालकांनी कॅन्सरला हाक मारली.

मी वरच्या खोलीत सामान लावत होते. खालून खणखणीत आवाज आला, "पोटातला क्यान्सर... हाजिर हो!" मी दचकून खिडकीतून वाकून पाहिलं. पांढरा सदरा, पांढरी विजार, दोन्हींना कडक इस्त्री, असे ते ओसरीच्या कडेला फाटकाकडे तोंड करून उभे होते. फाटकात कुणी नव्हतं. त्यांनी आणखी एकदा पुकारलं. थांबले. रस्त्यावर दोन्हीकडे नजर टाकून तिसऱ्यांदा पुकारलं, मान हलवली आणि शेजाऱ्याबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाले, "गैरहाजर." मग बाजेवर बसून बशीत चहा ओतला.

ही खोली सोडावी असं माझ्या मनात आलं होतं. पण सामान वर चढवणारा माणूस निघून गेला होता आणि पुन्हा दुसरा कुठून शोधायचा, या विचारानंच मी राहिले. माझं बरंचसं आयुष्य असल्याच कारणांनी ठरलेलं आहे.

ते तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. उभी नोकरी पुकारा करण्यात गेली. न्यायाधीशांनी प्रकरण काढलं की दाराबाहेर येऊन पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. माणूस आला तर सुनावणी. तिसऱ्या पुकाऱ्यालाही आला नाही तर तो गैरहजर, आणि प्रकरण निकाली. कोर्टातल्या सगळ्यांचे ते मामा होते, म्हणून गल्लीचेही मामा, म्हणून माझेही. रिटायर झाल्यावर कोर्ट सुटलं, पुकारा सुटला नाही. बाहेरची माणसं संपली तेव्हा त्यांनी डोक्यातल्या विचारांना पुकारायला सुरुवात केली.

"बाई, इचार लय लबाड असतंय," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "दाराआड उभं ऱ्हाऊन बोलतंय. त्याला म्हनावं, म्होरं ये, तोंड दाखव. नाव घेऊन पुकारलं की निम्मे तर येतच न्हाईत."

"आणि निम्मे येतात, त्यांचं काय करायचं?"

"जे आलं त्याचं काम करायचं. आता माजा गुडघा दुखायलाय. ते हाजर हाय, कबूल. त्याला तेल लावायचं. क्यान्सर कुठं हाय? दाखवा मला."

पोटात गॅस धरला होता, दुसरं काही नव्हतं.

सुनावणी फक्त संध्याकाळी. दिवसा विचार आला तर ते त्याला वेळ सांगून परत पाठवायचे, आणि तेही मोठ्यानं. एकदा बाजारात मेथीची जुडी हातात घेतलेली असताना मध्येच म्हणाले, "आता न्हाई, सांजच्याला ये." भाजीवालीनं बिचारीनं ती जुडी पाण्याचा हबका मारून संध्याकाळपर्यंत वेगळी ठेवली. हे गेलेच नाहीत. पुढे आठवडाभर तिचं तोंड वाकडं होतं आणि ते का, याचा विचार मामांनी रीतसर ओसरीवर पुकारला. तो मात्र हजर झाला, कारण भाजीवाली समोरूनच चालली होती. तिनं जे काही ऐकवलं ते मी वरून मिटक्या मारत ऐकलं.

त्यांच्या घरात टीव्ही नव्हता. "तिथं समदेच एकदम बोलतेत, कुनाचा नंबर हाय तेच कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. दार कधी वाजवायचे नाहीत, जिन्याखाली उभं राहून पुकारायचे. लाइट गेली की लाइटला पुकारायचे. एकदा दुसऱ्या पुकाऱ्याला खरंच लाइट आली, तर सगळी गल्ली हसली आणि हे मात्र गंभीरपणे म्हणाले, "येळेवर आली."

मी अंबाजोगाईची. तिथं माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि मला कुणी ओळखत नाही असं गाव हवं होतं, म्हणून जिंतूर. गाव बदललं तरी डोकं तेच बरोबर आलं. प्राचार्यांनी माझ्या लांबलचक निरोपाला नुसता अंगठा पाठवला की माझे दोन दिवस त्या अंगठ्याखाली जायचे. रागावले असतील का? कामावरून काढतील का? काढलं तर आईला काय सांगायचं? तोवर प्राचार्य बिचारे सासुरवाडीला जाऊन पुरणपोळी खाऊन परतही आलेले असायचे. लग्न का मोडलं याची तर मी इतकी कारणं शोधून ठेवली होती की मुलाकडच्यांना ऐकवली असती तर तेही चकित झाले असते.

मामांनी मलाही पुकारायला लावलं. मी गॅलरीत उभी राहून ओठातल्या ओठात म्हणाले, "प्राचार्यांचा राग, हाजिर हो."

खालून आवाज आला, "ऐकू आलं न्हाई, बाई. कोर्टात असं पुटपुटत न्हाईत."

मग लाज सोडून ओरडले. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. "कोन आलंय वं?"

"कुणी नाही, काकू."

"मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. त्या गल्लीत एवढ्यावर भागायचं.

आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गुण आला. काळजीला मोठ्यानं नाव दिलं की ती थोडी हास्यास्पद होते. एकदाच फजिती झाली. "आईचं रडणं, हाजिर हो," असं पुकारते तोच आईचा फोन वाजला. मी तशीच उभी. मामा खालून म्हणाले, "हाजर झालं. आता उचला." उचलला. आई रडली, मी रडले, आणि त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

पण त्यांच्या पुकाऱ्यात एक नाव असं होतं की ते माझ्या लक्षात पहिल्या महिन्यातच आलं. सगळे आजार, सगळ्या शंका, सगळी भीती निकाली काढून झाली की शेवटी ते फाटकाकडे एकदा बघायचे. मग आवाज बदलून पुकारायचे, "वैशाली... हाजिर हो." परत एकदा, "वैशाली... हाजिर हो." आणि बस्स. तिसरा पुकारा नाही. गैरहाजर नाही. तसेच आत निघून जायचे. बाकी सगळ्यांना तीन आणि हिला दोन.

वैशाली त्यांची मुलगी. एकुलती एक. ती मी तिथं असेपर्यंत आली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाट बघणं निदान तुमच्या वाट्याला येणार नाही.

तिची हकीगत त्यांनीच सांगितली, लाइट गेलेल्या एका संध्याकाळी. तोंड दिसत नसलं की माणूस बरं बोलतो. त्यांची थोडी जमीन पेडगावच्या शिवारात, शेजारी सख्ख्या भावाची. भावानं बांध कोरून आपल्याकडे ओढला, अशी यांची खात्री. भाऊ म्हणे, बांध जागच्या जागी आहे. परभणीच्या कोर्टात दावा गेला. यांच्याकडे साक्षीदार नव्हता. बायको वैशाली शाळेत असतानाच वारली होती. मग यांनी वैशालीला सांगितलं, काकाचा नांगर बांधावर फिरताना मी पाहिला, एवढंच म्हण. तिनं काही पाहिलेलं नव्हतं.

"तिथल्या शिपायानं पुकारलं, तर पयल्याच पुकाऱ्याला उभी ऱ्हायली," ते म्हणाले. "शपथ घेतली. वकिलानं इचारलं, तर मनली, मी न्हाई बगितलं. माज्याकडं बगून मनली."

"मग?"

"मंग काय. खरंच बोलली की ती. जलमभर मी लोकायच्या खोट्या गवाह्या ऐकल्या, बाई. घरी येऊन हसायचो. आन् सोताच्या लेकराला तेच शिकवलं." अंधारात बाज करकरली. "घरी आल्यावर मी तिला मनलं, तू माजी गवाह न्हाईस आन् लेक बी न्हाईस. सकाळच्या पयल्या गाडीनं गेली."

ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती, एवढं शेजारच्या काकूंकडून कळत होतं. काकूंकडे तिचा नंबरही होता. मी म्हटलं, "मामा, एक फोन करा ना."

"आन् उचलला न्हाई तर? तिसराच पुकारा झाला की त्यो."

"मग पुण्याला जा."

"कोर्ट कुनाच्या घरी जात न्हाई, बाई," ते म्हणाले आणि हसले. हसणं अर्ध्यातच राहिलं.

जगाच्या काळज्यांना तीन हाकांत गार करणारा हा माणूस एका फोनला घाबरत होता. मला त्यांचा राग आला आणि तितकीच कीवही आली. मीही आईचा फोन उचलायला घाबरणाऱ्यांतलीच, त्यामुळे फार बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या पुकाऱ्याबद्दल त्यांचा हात असा आखडता होता, त्याला एक जुनं कारण होतं. नोकरीत नवे असताना साहेबांना घाई होती म्हणून त्यांनी एका बाईचं नाव एका दमात तीनदा पुकारून टाकलं. ती कोर्टामागच्या लिंबाखाली भाकरी खात बसली होती. खरकट्या हातानं पळत आली, तोवर प्रकरण निकाली निघालं होतं. पुढं अर्ज करून ते परत उघडलं, तिचं नुकसान झालं नाही. पण तेव्हापासून तिसऱ्या पुकाऱ्याआधी मामा खाली उतरायचे. चहाच्या हॉटेलात डोकावायचे, लिंबाखाली बघायचे, भिंतीआड लघवीला बसलेल्यांनाही विचारून यायचे. वकील वैतागायचे, साहेब घड्याळाकडे बघायचे. "तिसरा पुकारा मंजी कुलूप, बाई," ते सांगायचे. "लावायच्या आदी आत कुनी ऱ्हायलंय का ते बगून घ्यावं मानसानं."

लग्नसराईत एकदा त्यांचा पुतण्या आला. त्याच भावाचा मुलगा. भावाभावांचं बोलणं बंद होतं तरी पोरगा काकाला धरून होता. बहिणीच्या लग्नातली बुंदी घेऊन आला होता. लग्न सेलूला झालं होतं. मामांनी पाणी दिलं, सोयाबीनचं विचारलं. मीही तिथंच पायरीवर बसले होते.

"वैशालीताई आलती की लग्नाला," पुतण्या सहज बोलून गेला. "देवगाव फाट्यावर मीच घ्यायला गेलतो तिला, आन् परत तितंच सोडलं. तुमच्याकडं आली न्हाई का?"

देवगाव फाट्यावर जिंतूरची गाडी हात दाखवला की थांबते.

मामा म्हणाले, "बुंदी चांगली झालीय." पुतण्याला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं असावं. त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गाडीला किक मारली.

त्या संध्याकाळी पुकारा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वर स्वयंपाक करताना कान खाली लावून असायची. चारपाच दिवसांनी ते ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले. ना आजार पुकारले, ना भीती. सरळ तिचंच नाव. एकदा. दुसऱ्यांदा. मग ते पायऱ्या उतरले. फाटक उघडून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथं उभे राहून हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. काकूंच्या घराकडे पाहिलं. परत आले, फाटकाला कडी घातली, ओसरीवर चढले आणि तिसऱ्यांदा पुकारलं.

माझे हात कणकेत होते. मला ओरडून त्यांना थांबवायचं होतं, पण काय म्हणून थांबवणार?

गैरहाजर म्हणाले नाहीत. हातपाय धुतले आणि जिन्याखालून विचारलं, "बाई, वरन जास्तीचं हाय का?" मी वाटीभर वरण नेऊन दिलं. पोटभर जेवले.

सकाळी म्हणाले, "लय झकास झोप लागली." आणि त्यानंतर रोजच झोप लागायला लागली. पुकारा संपला. मी विचारलं तर म्हणायचे, "आता कायबी येत न्हाई डोस्क्यात. रिकामं हाय समदं." गुडघा दुखतो का विचारलं, तर तेही त्यांना आठवून सांगावं लागायचं. इस्त्री बंद झाली. मेथी आणायला जाणं बंद झालं, मीच आणून द्यायची. हातावर माशी बसली तर बसलेलीच राहायची.

मन शांत कसं करावं, हे सांगणारे व्हिडिओ मी तेव्हा फोनवर रोज बघत असे. डोळे मिटून बसा, श्वासाकडे बघा, विचार येतील ते जाऊ द्या. खाली ओसरीवर एक माणूस बसला होता, त्याचे सगळे विचार गेलेले होते, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्या शांततेची मला भीती वाटायची. संध्याकाळ झाली की घर अंगावर यायचं. मी मुद्दाम गॅलरीतून मोठमोठ्यानं काहीबाही पुकारायची, "कॉलेजची इमारत पडते... हाजिर हो!" ते वर बघून हसायचे, तेही माझं मन राखायला. आवाज पुरेसा आला की नाही, याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

एका रविवारी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी वैशाली. खाली राहतात ना, त्यांची..." पुढचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. "काकूंनी तुमचा नंबर दिला. बरे आहेत का ते?"

"बरे आहेत," मी म्हणाले.

"सेलूला आले होते मी. फाट्यावर जिंतूरची गाडी समोर उभी होती." ती थांबली. "चढायचा धीर झाला नाही मला." पलीकडे कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, तिनं त्यांना थांबायला सांगितलं. "काकू मागे म्हणाल्या होत्या, ते रोज संध्याकाळी माझं नाव पुकारतात. अजून पुकारतात का?"

"हो."

"किती वेळा?"

ती त्याच घरात वाढलेली होती. ती काय विचारते आहे ते मला कळलं, आणि मी काय सांगते यावर सगळं आहे हेही कळलं. एरवी एका अंगठ्यावर दोन दिवस विचार करणारी मी, त्या क्षणी काहीही विचार केला नाही.

"दोनदा," मी म्हणाले.

"बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात बाजार भरला. खरं सांगायला हवं होतं का? ती या भरवशावर आली आणि इथं तिला हा असा माणूस दिसला तर? पुकारून बघितलं, तर हा विचार पहिल्याच हाकेला हजर झाला. शेवटी खाली गेले आणि मामांसमोर पायरीवर बसून सगळं सांगितलं. फाट्यावरची गाडीही सांगितली.

ते ऐकत होते. "आन् तुमी काय मनलाव?"

"दोनदा पुकारतात म्हणाले."

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो राग होता. "खोटी गवाही दिली तुमी," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला? आवो, एका खोट्यापायी तर ती गेली. माज्या खोट्यापायी. आन् तुमी तिला पुन्ना खोटंच सांगितलं?"

मला रडू आलं. "मग काय सांगायला हवं होतं, मामा? तीनदा पुकारून झालं, असं?"

ते फाटकाकडे बघत बसले. अंधारून आलं, काकूंच्या घरात फोडणीचा वास सुटला, तरी ते तसेच. मग बाजेचा आधार घेऊन उठले आणि आत गेले. मला वाटलं, आता आपल्याशीही बोलणं संपलं. मी जिना चढायला लागले.

मागून पावलं वाजली. ते बाहेर आले होते. सदऱ्याची वरची गुंडी लावत ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. घसा साफ केला.

"वैशाली... हाजिर हो."

आवाज चिरकला. काकूंची खिडकी उघडली, पण या वेळी कोण आलंय म्हणून त्यांनी विचारलं नाही. मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा पुकारलं. हा पुकारा थेट हमरस्त्यापर्यंत गेला असेल. मग त्यांनी तोंड मिटलं. हाताची घडी घातली आणि बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले.

"झाली तुमची गवाही खरी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आता मला झोप न्हाई यायची, बाई."